हिरव्याला पांढरं म्हणणार नाही

मुबश्शिरा भूकंपाच्या वर्षी जन्मली. तिचे अब्बा निजामोद्दीन अहमदपूरचे पिंजारी. त्या हिवाळ्यात ते किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांमधून रजया भरत फिरत होते, म्हणून लेकीचं तोंड त्यांनी उशिरा पाहिलं. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि त्यांचं पिंजायचं यंत्र कोपऱ्यात गेलं. लेक मात्र शिकत गेली. एम.एस्सी. करून लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागली. चार पर्यायांतले तीन चुकीचे कसे उडवायचे, हे ती इतकं छान सांगायची की मालकांनी तिचा फोटो चौकातल्या बोर्डावर लावायची तयारी दाखवली. तिने क्लासचा फक्त रविवार ठेवला आणि नांदेडला पीएच.डी.ला नाव घातलं. लग्नाचं वय आणि चांगला पगार सोडून ही पोरगी शिसं शिजवत बसली, असं नातेवाइकांत बोललं जाऊ लागलं.

शिजवतच होती ती. शिशाचं संयुग आयोडीनच्या कढत आम्लात विरघळवायचं, त्यात सेंद्रिय अमाइन घालायचं आणि सगळं हळूहळू निवू द्यायचं. तळाशी अभ्रकासारखे पातळ, नारिंगी पापुद्रे बसतात. शिसं-आयोडीनचा थर, मग सेंद्रिय रेणूंचं अस्तर, मग पुन्हा थर. या पदार्थाला थरांचा पेरोव्हस्काइट म्हणतात. अतिनील दिव्याखाली धरला की हा नारिंगी पापुद्रा हिरवा पेटतो. घाईने निवला तर नुसती भुकटी मिळते. वीज गेली की तापमान सांभाळणारं यंत्र बंद पडायचं, म्हणून मुबश्शिरा फ्लास्कभोवती अब्बांचा कापूस गुंडाळायची.

टाळेबंदीनंतर गाळायचे कागद मिळेनात. तिने घरून मलमल आणली. अम्मीच्या घरात गाळायचं फडकं धुतल्याशिवाय चुलीजवळ येत नसे. अम्मीने मलमल पावडरीत भिजवली, चोळली, उन्हात टाकली, घडी करून दिली. त्या मलमलीतून गाळून, तिच्यावरच वाळवलेले पापुद्रे दिव्याखाली दुधाळ चमकले. त्या प्रकाशाच्या आलेखात हिरव्या टोकाशेजारी निळा, रुंद उंचवटा आला होता.

तिचे मार्गदर्शक चन्नबसप्पा सर खुर्चीतून उठलेच. एकाच पदार्थातून जवळजवळ पांढरा प्रकाश मिळावा म्हणून मोठमोठ्या प्रयोगशाळा झटत होत्या. सरांनी परिषदेला गोषवारा पाठवला, सगळ्या विभागाला पेढे वाटले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मिळालं, आता सहा महिन्यांत डॉक्टर हो, असं म्हणाले.

ती अहमदपूरला गेली तेव्हा अम्मीला दाखवायला पापुद्र्यांची डबी आणि अतिनील बॅटरी घेऊन गेली. संध्याकाळी दार लावून बॅटरी पेटवली. डबी चमकली. अम्मी नीट बघायला वाकली आणि तिची ओढणीही तशीच, त्याच दुधाळ रंगाने उजळली. मग दोरीवरची चादर. मग अब्बांची टोपी.

अम्मी हसायला लागली. "मंग माझ्या ओढणीलाबी डॉक्टर करा म्हनावं."

मुबश्शिरा हसली नाही. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते अतिनील प्रकाशात निळं चमकतं. हे तिनेच क्लासमध्ये शिकवलं होतं. नांदेडला परतल्यावर तिने नुसतं फडकं प्रकाश मोजायच्या यंत्रात ठेवलं. निळा उंचवटा बरोबर त्याच जागी आला. दुसरीकडून मागून आणलेल्या कागदावर गाळलेले नवे पापुद्रे निव्वळ हिरवे निघाले.

सरांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून पाहिले. मग म्हणाले, गोषवारा गेलाय, आता मागे घेतला तर विभागाची शोभा होईल. 'कारण अभ्यासाधीन' अशी एक ओळ टाकू. खोटं काहीच लिहायचं नाहीये आपल्याला.

"कारण मला माहीत आहे, सर. अम्मीच्या बादलीत आहे."

"वर्ष जाईल तुझं. फेलोशिप संपेल. घरचे थांबणारेत का?"

"न्हाई थांबणार," ती म्हणाली. नांदेडची चार वर्षं विसरून जीभ घरच्या वळणावर गेली होती. "पण हिरव्याला पांढरं म्हणून मी डॉक्टर होणार न्हाई."

आढावा समितीसमोर जायच्या दिवशी सरांनी तिच्याशी बोलणं टाळलं. पांढरा प्रकाश बघायला शेजारच्या विभागातले लोकही आले होते. तिने पडदे ओढायला लावले. दिव्याखाली एका बाजूला मलमल ठेवली, दुसऱ्या बाजूला कागदावर गाळलेले पापुद्रे. एक निळसर, एक हिरवं. ती म्हणाली की पांढरा प्रकाश मिळालेला नाही, निळा भाग मलमल धुतलेल्या पावडरीचा आहे, गोषवारा मागे घेतल्याचं पत्र तिने स्वतः पाठवलं आहे आणि ते प्रकरण काढून टाकलं आहे. मागून कुणीतरी म्हणालं, धुण्याच्या सोड्यावर पीएच.डी. बरीच हसाहस झाली. ती संपेपर्यंत मुबश्शिरा उभी राहिली.

मग समितीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "जो हिरवा उरला, तो तरी पापुद्र्यांचाच कशावरून? एकदा फसलीस ना."

सरांनी मान खाली घातली. मुबश्शिराने दिवा बंद केला आणि स्वतः जाऊन पडदे उघडले.

"तेच तपासायला एक वर्ष मागतेय, मॅडम," ती म्हणाली. "फेलोशिप नसली तरी."