परिशिष्टाची फाईल

खरं तर मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या देशात पीएच.डी.चे प्रबंध एका खुल्या भांडारात ठेवतात. कुणीही, कुठूनही, फुकट वाचावेत. नेहरू नगरच्या भाड्याच्या खोलीत मोबाईलवर तेच वाचून मी संशोधन शिकलो. मणिपूरच्या, केरळच्या अनोळखी माणसांनी लिहिलेले प्रबंध. म्हणून माझी पाळी आली तेव्हा नियमाप्रमाणे एकेका प्रकरणाची वेगळी फाईल करून मी सगळं आनंदाने देऊन टाकलं. शेवटची फाईल परिशिष्टाची, म्हणजे घरून डबे देणाऱ्या बायकांच्या मुलाखतींची.

त्यात आमच्याच शहरात, बाग सेवनिया भागात राहणारी माझी आत्याही होती. नाव बदललं होतं, पण नागपूरहून आलेली, तीन मुलींची आई, नवरा वारलेला, हे तसंच राहिलं. मुलाखत घेताना मी म्हणालो होतो, "फक्त परीक्षक वाचतील." त्या भरवशावर तिने नवऱ्याच्या मारहाणीचं सांगितलं. नागपूरला तिच्या सासरी तो अजून देवमाणूसच होता.

प्रबंध भांडारात दिसू लागला, तेव्हा आत्याला दिलेला तो शब्द मला आठवला. आत्याकडे गेलो.

"आत्या, तुझं बोलणं आता कुणीही वाचू शकतं."

पोळी लाटता लाटता ती हसली. "कोन वाचते रे बाप्पा तुझं ते पोथं? तुझ्या सरांनी तरी पुरं वाचलं का?"

"खरंच सांगतो. नागपुरातसुद्धा."

लाटणं थांबलं. "मग काढून टाक ना बेटा."

मी ग्रंथालयात अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी परिशिष्ट वाचकांसाठी बंद करून दिलं. "पण आधीच कुणी उतरवून घेतलं असेल, तर ते आपल्या हातात नाही," त्या म्हणाल्या. ज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं, असं मला आजही वाटतं. पण ते आत्याचं होतं, आणि मी तिला न विचारताच देऊन बसलो होतो.

काल तिच्या धाकटीचा फोन आला. "भैया, नागपूरहून मोठ्या काकांचा फोन होता. त्यांच्या मुलाने ते आधीच उतरवून घेतलं होतं, त्याने वाचून दाखवलं. मेलेल्या माणसाला बदनाम केलंस, म्हणाले. आईने सगळं चुपचाप ऐकून घेतलं. तुला कळू देऊ नको म्हणाली, म्हणून मी छतावर येऊन बोलतेय."