परकरातलं सोनं

त्या वर्षी हैदराबादेहून सोलापूरला जाणं म्हणजे परदेशी जाणं होतं. देश स्वतंत्र झाला होता, निजामाचं राज्य अजून बाहेरच होतं, आणि मधल्या हद्दीवर दोन्हीकडचे लोक सामान उसकटत. वाटेत गाड्या लुटल्याच्या बातम्या रोज हैदराबादेत आमच्या मलकपेठेत यायच्या. माझे यजमान सिकंदराबादला रेल्वेत होते. त्यांना रजा नव्हती. सासूसासऱ्यांना घेऊन मी सोलापूरला नणंदेकडे जावं असं ठरलं, आणि त्या दिवसापासून घरात कुणी धड जेवलं नाही.

मामंजी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी बंदोबस्त हातात घेतला. "चोराला आपल्याकडे बघावंसंच वाटता कामा नये. बिलकुल भिकारी दिसायचं." त्यांनी दाढी करणं सोडलं, ठिगळांचा सदरा घातला. सासूबाईंना विटकं लुगडं, मला ठिगळांचं. दागिने, मामंजींचं घड्याळसुद्धा, माझ्या परकराच्या खालच्या दुमडीत शिवायचे होते. शिवले मीच. (माहेरच्यांनी मला शिवणकाम येतं असं सांगून लग्न जमवलं होतं.) मग प्रवासभर मी चालले की परकर घंटेसारखा पायांवर आपटे, आणि बसले की पाटल्या टोचत.

कुणी लुटलं नाही. हद्दीवरच्या शिपायाने आमच्याकडे बघून तोंड फिरवलं. मामंजी खूश झाले.

सोलापूरच्या फलाटावर मात्र पळून आलेल्यांची ही गर्दी. नणंद आणि तिचे यजमान आम्हाला शोधत अंगावरून दोनदा पुढे गेले. तिसऱ्या वेळी जावयांनी थांबून मामंजींच्या हातात एक केळं ठेवलं आणि पुन्हा सासऱ्यांना शोधायला निघून गेले. मामंजी केळ्याकडे बघत राहिले. आम्ही हाका मारेपर्यंत स्वयंसेवकांनी आम्हाला धरून एका शाळेतल्या छावणीत नेलं.

तिथे बायकांना धुतलेले कपडे मिळाले. अंगावरचे उवांच्या भीतीने बाहेर चुलीवरच्या मोठ्या काहिलीत उकळायला टाकायचे. मी परकर सोडेना. स्वयंसेविका समजूतदार होती. ती म्हणाली, "लाजू नका, उवा सगळ्यांच्याच अंगावर असतात." आणि परकर गेला.

कपड्यांसाठी पुरुषांची पाळी अजून यायची होती, म्हणून मामंजी आमच्याच वर्गात येऊन बसले होते. थोड्या वेळाने ती आत आली. एका हातात ओला परकर, दुसऱ्या हातात पाटल्या आणि गोफ. काहिलीच्या तळाशी सापडले म्हणाली. कुणाचे आहेत?

आमच्या शेजारी एक शेतकरीण होती. तिचं घर जाळलं होतं, नवऱ्याचा पत्ता नव्हता, आणि जवळ एक पितळी वाटी तेवढी होती. आल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती, असं स्वयंसेविकेनेच सांगितलं होतं. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या ठिगळांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, सोनं गेलं तरी चालेल, पण आमचं म्हणून सांगायची वेळ नको.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आमचं आहे."

"कशावरून?"

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "तो परकर माझ्या सुनेने शिवलाय. राहिलेला दोरा ओढून बघा. दुसऱ्या कुणाच्या हातचं इतकं वाईट नसतं."

स्वयंसेविकेने दोरा ओढला. सगळा घेर एकदम उसवला आणि मामंजींचं खिशातलं घड्याळ टपकन जमिनीवर पडलं. त्यातून साबणाचं पाणी निघालं.

ती शेतकरीण हसली. आधी पदराआड, मग उघडच, आणि हसता हसता रडायला लागली. बायकांनी तिला जवळ घेतलं. तेव्हा तिने पहिल्यांदा आपलं गाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. स्वयंसेविका ते लिहून घेऊन त्याला शोधायला धावली. तो पुढे सापडला की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेने आम्हाला हुडकून घरी नेलं. पुढे हैदराबाद भारतात आलं, माझे यजमानही सुखरूप भेटले. माझ्या संसाराला पुढे खूप वर्षं झाली, पण माझ्या शिवणकामाचा कुणाला उपयोग झाला, तो तेवढाच.