अंबारीतली पहिली फेरी

हत्तीच्या पाठीवरची छत असलेली अंबारी लोकांना शोभेची वस्तू वाटते. वाटू दे बापडी. ती घडवणाऱ्या काळजीकाकांना विचारा. त्यांना तिच्यात आधी कुठली खुंटी निसटेल तेच दिसायचं. हे नाव त्यांना कारखान्यातल्यांनीच ठेवलं होतं. एक खुंटी ठोकली की माणूस ती दहादा हलवून बघणार, मग दुसरं काय म्हणायचं?

कारखान्याचा नियम एकच. नवी अंबारी गिऱ्हाइकाला देण्याआधी करणाऱ्याच्या घरचं माणूस तिच्यात बसून मैदानाला फेरी मारणार. आपलं माणूस बसवायची छाती नसेल, तर दुसऱ्याचं कशाला बसवता? इतकी वर्षं काका स्वतःच बसत. या खेपेला गुडघ्याने दगा दिला. शिडी चढणं शक्यच नव्हतं.

"मी बसते की," काकू म्हणाल्या.

"तुला सगळी गंमतच वाटते."

"मग काय रडत बसू?"

काकूंचं ठरलं म्हणजे ठरलं. काकांनी मात्र रात्रीत तीनदा उठून खुंट्या हलवून बघितल्या.

फेरीच्या सकाळी त्यांनी छताचे खांब तपासले, कठडा तपासला. तंग, म्हणजे हत्तिणीच्या पोटाखालून आवळलेला जाड दोर, हिसडून बघितला. काकू वर जाऊन बसल्या. मानेवर बसलेल्या माहुताने हत्तीण हाकली.

निम्मं मैदान झालं असेल, तोच काकांना दिसलं, छताची झालर एका बाजूला जास्त लोंबतेय. तंग सैल पडला होता. तंग आवळताना हत्तीण पोट फुगवून धरते. थोडी चालली की श्वास सोडते, दोर सैल पडतो. म्हणून जरा चालवून तिला थांबवायचं आणि तंग पुन्हा आवळायचा. काकांना हे कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. वर बसलं की बूड कलायचं, ते माहुताला थांबवायचे. आज बूड खाली खुर्चीवर होतं, आणि खुर्ची बिचारी कशाला कलेल!

ओरडायची सोय नव्हती. हत्तीण बुजली असती, तर संपलंच. काका तसेच लंगडत धावले, आडवे गेले, माहुताला हाताने खूण केली. हत्तीण थांबली. काकू वर कठडा घट्ट धरून बसल्या होत्या.

"उजवीकडे सरक," काका हळूच म्हणाले.

"कधीची सरकलेय."

माहुताने शिडी लावली. काकू खाली उतरल्या तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला.

"चुकलो गं. तुला काही झालं असतं म्हणजे? खाली उभं राहून बघवत नाही."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही वर असायचात, तेव्हा मी कधी मैदानावर दिसले?"

काकांनी आठवून बघितलं. एकदाही नाही. त्यांना आपलं वाटायचं, हिला आपल्या कामाचं कौतुकच नाही.

"मागच्या शेडमध्ये कानांवर हात दाबून बसायचे. प्रत्येक खेपेला." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "आवळा आता तो तंग. फेरी अर्धीच झालीय."

काकांनी बाह्या सरसावल्या. तंग आवळला, हत्तीण थोडी चालवून पुन्हा आवळला, शिडी धरली. काकू चढल्या. काकांना त्या शेडमध्ये जाऊन बसावंसं वाटलं, फार वाटलं. ते हत्तिणीच्या बाजूने, वर बघत, लंगडत चालत राहिले.