लख्ख धुतलेली चांदणी

थोरल्या जावेच्या हाताला गुण होता, आणि तो तिला जरा जास्तच ठाऊक होता. पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर ती मशीनने दोऱ्याची जाळी भरायची. कापड पाण्यात विरघळून गेलं की नुसती जाळी उरायची. तिच्या पाकळ्या एकमेकींत गुंफून ती चांदणी करायची, आणि टेबलावर ठेवली की ती चांदणी आपली आपण उभी राहायची.

धाकटीने पहिल्यांदाच चांदण्या भरल्या, तेव्हा विचारलं, "ताई, धुवायचं किती?"

"लख्ख धू. बोटांना चिकट लागता कामा नये," थोरली म्हणाली. खरं तर विरघळलेल्या कापडाचा थोडा चिकटपणा दोऱ्यात राहू द्यायचा असतो; वाळल्यावर त्यानेच जाळी ताठ होते.

दुकानदार नमुने बघायला घरी आला. धाकटीने मोठ्या हौसेने आपली चांदणी टेबलावर ठेवली, आणि चांदणी अंग टाकून पसरली.

"वहिनी, हिची झोप झाली नाही वाटतं!" दुकानदार हसला.

धाकटी कानापर्यंत लाल झाली. "ताईंनी नीट सांगितलं होतं हो. माझंच धुण्यात काही चुकलं असेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरलीला झालं. दुकानदार तिच्या चांदण्यांकडे वळला, तशी तिने आपली टोपली मागे ओढली.

"तिला पुन्हा करू द्या," ती खाली बघत म्हणाली. "मी तिला उलटं सांगितलं होतं. मुद्दाम."

 धाकटी नुसती थोरलीकडे बघत राहिली, आणि थोरलीला तिच्याकडे बघवेना.