आधी जेवून घे

महादेवीकाकू गेल्याचा निरोप मला मोबाईलवर मिळाला, कुर्डुवाडीच्या ऑफिसात खुर्चीवर नुकतीच बसले होते तेव्हा. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि फुलं येतात, त्या सकाळी जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पाठोपाठ काकूंच्या मुलाचा, महेशचा, फोन. रडून झालं होतं, आता कामाचं बोलत होता. "माती चार वाजता. माढ्याला आक्कामावशीला अजून कुणी सांगितलं नाही. फोनवर सांगू का?" आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण, वय पंच्याऐंशीच्या पुढं. मी म्हटलं, "फोन करू नकोस. माढा मला जवळ आहे, मी जाते. तिच्या नातवालाही सांग, घरात कुणी काही बोलायचं नाही." बातमी फोनवरून आक्कांच्या कानावर पडू द्यायची नाही, एवढं एकच त्या वेळी डोक्यात होतं. असं का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमच्या गल्लीत पहिला फोन काकूंकडं आला. काका हैदराबादला चादरींचा माल घेऊन जायचे, त्या धंद्यापायी घेतलेला. पण तो सगळ्या गल्लीचा झाला. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या अर्जावर, नोकरीच्या अर्जावर आम्ही सगळे तोच नंबर लिहायचो. क्रोशाचं झाकण घातलेला तो काळा फोन वाजला की काकू हातातलं काम टाकून उचलायच्या आणि ज्याचा असेल त्याच्या दारात जायच्या. चांगली बातमी असेल तर गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत. वाईट असेल तर मुकाट्यानं, आणि आल्या आल्या विचारायच्या, "जेवलीस का?" नाही म्हटलं की त्या घरातलंच ताट वाढून पुढ्यात ठेवायच्या. ताट रिकामं झाल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत.

हे गल्लीला लवकरच कळलं, आणि काकूंनी अवेळी जेवणाचं विचारलं की माणसं धसकायला लागली. एकदा समोरच्या यल्लम्मामावशी काकूंकडं आल्या होत्या. काकूंनी सहज, घरात केलाय म्हणून, उप्पीटाची बशी पुढं केली. मावशींनी ती बाजूला सारून मोठ्यानं गळा काढला, "कोण गेलं ते आधी सांग!"

"अगं बये, कुणी न्हाय गेलं! उप्पीट जास्त झालंय म्हणून दिलं!"

"मग तसं सांगून द्यावं की! जीव घेतीस का माझा?"

त्यानंतर बरेच दिवस गल्लीत कुणी कुणाला काही खायला दिलं, की आधी "समदे जित्ते हायत" असं सांगायची चेष्टा चालायची. काकूही हसायच्या.

मी आठवीत होते. दर सोमवारी संध्याकाळी माझ्या मामाचा फोन यायचा, म्हणून काकूंच्या बाजेवर बसून होते. फोन वाजला, पण तो मामाचा नव्हता. तेव्हा लांबचा माणूस ओरडून बोलायचा, त्यामुळं रिसीव्हरमधलं मलाही ऐकू आलं. हैदराबादहून कुणी सांगत होतं, काका दुकानात माल उतरवताना छातीत कळ येऊन कोसळले... दवाखान्यात नेईपर्यंत गेले. काकू "हं" म्हणाल्या. मग परत "हं". रिसीव्हर ठेवला, झाकण घातलं, सरळ केलं. माझ्याकडं एकदाच बघितलं.

आतून काकूंच्या सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा गं फोन?" सोमवारचा उपास होता, म्हातारी दिवसभर उपाशी. काकू म्हणाल्या, "दुकानाचा. पूजा झाली न्हवं? बसा जेवायला, आत्याबाई." आणि चुलीपुढं बसून त्यांनी भाकरी थापली. थापण्याचा आवाज रोजच्यासारखाच येत होता. मी ऐकत होते, एक थाप चुकली नाही. गरम भाकरी, वर तूप, डाळ.

"आज एवढं तूप? म्हायेरनं डबा आला व्हय तुझ्या?"

"खावा की."

"पोरगा माझा हितं न्हाय, तवर सासूची चैन! येऊ दे त्याला, सांगते..."

काकूंनी दुसरी भाकरी वाढली. म्हातारीनं तीही खाल्ली, ताक प्यायली, हात धुतला. मग काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

पुढचं लिहीत नाही. माझ्या लग्नानंतर एकदा धीर करून मी काकूंना विचारलं, कसं जमलं तुम्हाला? त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हातारी त्या दिवशी उपाशी राहिली असती तर मग चार दिवस जेवली नसती. रडायला बी अंगात जोर लागतो की." आणि सोलत राहिल्या. मी आजवर मोठी पदं, मोठी माणसं बरीच पाहिली. त्या भाकरीएवढं मोठं काही पाहिलं नाही.

तर मी माढ्याला पोचले. अकरा वाजत आले होते. आक्का अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मला बघून खुश झाल्या. गाडीत मी सगळं ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "आक्का, सकाळपासून काही खाल्लं नाही. तुमच्याबरोबर जेवीन म्हणते." नातसुनेनं दोन ताटं आणली आणि आत निघून गेली.

आक्कांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना. काकूंना हे येत होतं, मला येत नाही, हे त्याच क्षणी कळलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. महेशला एवढ्या ऐटीत "मी जाते" म्हणाले होते...

"सोलापूरचं हाय?" आक्कांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मला वाटलं, आता ताट सरकवतील. आक्कांनी ताट जवळ ओढलं. डाळीत भाकरी कुस्करली आणि खायला लागल्या. घास अडकला की पाणी प्यायच्या, पुढचा घास घ्यायच्या. मलाही म्हणाल्या, "खा. लांब जायाचंय." मी खाल्लं. त्या पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईनं अख्खी भाकरी संपवली, ताटात हात धुतला, पदराला पुसला, आणि त्या बाजेवर नीट मांडी घालून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांग."