झाकून ठेवलेला वाडगा

पोर्ट-ओ-प्रिन्समधली माझी एर्मिलिएन मावशी बेल्जियमच्या पाच राजदूतांची स्वयंपाकीण होती. दर चार वर्षांनी राजदूत बदलायचा आणि मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरं सामानासोबत निघून जायची. "पुन्हा येऊ" म्हणायचे सगळे. काळं कुत्रंही फिरकलं नाही.

एक जानेवारीला, आमच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, घरोघरी भोपळ्याचं सूप होतं. मिरची घालायच्या आधीच मावशी एक वाडगा काढून झाकून ठेवते.

यंदा मी चिडलेच. "हा बिनतिखट कुणासाठी गं?"

"आनेलीससाठी. दुसऱ्या साहेबांची मुलगी."

"अगं, चाळिशीची झाली असेल ती!"

"असेल की," मावशी म्हणाली. "पण गेली तेव्हा सहाची होती."