गूळ, भुसा आणि आमचे मोठे बाबा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात वाळवीनं जेवढं सागवान खाल्लं नसेल, तेवढं एकट्या आमच्या मोठ्या बाबांनी खाल्लं आहे. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाले आणि सिंदी मेघेतल्या घरामागं टिनाचं शेड ठोकून सुतारकामाला लागले. बस सुटली, पण कंडक्टर काही सुटला नाही. कटर चालू करायच्या आधी लोखंडी पट्टीनं टेबलावर दोनदा टन टन करणार, मगच बटण दाबणार. फळ्या रचताना त्यांनाच दम देणार, "चला, मांगं सरका, मांगं लई जागा आहे!" लाकूड कोणतं हे ते डोळ्यांनी नाही, जिभेनं ओळखायचे. भुशाची चिमूट तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बाभूळ होय. तुरट लागते." आणि त्यांची ती फुंकर! फळी घासून झाली की गाल फुगवून अशी फुंकर मारायचे की समोरच्याला त्याचं स्वतःचं घर आठवावं. माझे शाळेतले मास्तर एकदा त्यांच्याकडे देव्हारा सांगायला पांढरा शर्ट घालून गेले आणि खाकी घालून परत आले.

एवढी धूळ खाऊन माणूस ठणठणीत कसा, असं कोणी विचारलं की मोठे बाबा खिशातून गुळाचा खडा काढून दाखवायचे. आमचे आजोबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा फुफाटा दिवसभर छातीत जायचा आणि संध्याकाळी सगळे गडी गूळ खायचे, म्हणजे धूळ खाली उतरते. हे ज्ञान मोठ्या बाबांनी लाकडालाही लावलं. एक फळी कापायची, एक खडा चघळायचा. तोंडाला दुपट्टा, दाढेत गूळ. पोळ्याच्या सणाला पुरणासाठी आणलेली गुळाची भेली एका दिवाणातच संपली, तेव्हा मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "दिवाण बनवून राह्यले का पुरणपोळी?" ते म्हणाले, "औषध होय ते. तुले नाई समजत."

मला घरातल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात, आणि त्यात माझी सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे मोठ्या बाबांचा खोकला. थंडीच्या सकाळी जुनी बस स्टार्ट होते तसा. आधी घुर्र, मग खर्र, मग एक लांब शिट्टी, आणि शेवटी बंदच. एका बारशात मी तो काढला. पाहुणे हसून लोळले. तेवढ्यात मोठी आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. गर्दीत ती मोठ्या बाबांना शोधत होती. मग तिला दिसलं की खोकतोय मी.

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "तुले मज्जा वाटते बापू. मी दिवसभर हाच आवाज आयकत राह्यते. अन् बंद झाला का जास्त भेव लागते."

ती नक्कल मी परत केली नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं एक खेळणं हातात दिलं, नळीतून श्वास आत ओढला की गोळे वर जायचे. मोठ्या बाबांनी अंगात होता तेवढा जोर लावला. पहिला गोळा जागच्या जागी थरथरला, बास.

"काका, खिशात काय आहे?"

"गूळ. धूळ खाली उतरते ना त्यानं."

"तुम्ही कंडक्टर होते ना? गूळ पोटात जाते, धूळ फुप्फुसात. एक गाडी हिंगणघाटची, एक आर्वीची. हिंगणघाटच्या तिकिटावर आर्वीले कसे पोहोचसान?"

आयुष्यात पहिल्यांदा मोठे बाबा बिनतिकीट सापडले. बाईंनी पुढं सांगितलं, जाड भुसा नाकात अडकतो, जो दिसत नाही तो बारीक खोल जातो, आणि दुपट्टा त्याला काही अडवत नाही. तीन महिन्यांत गोळा वर गेला नाही तर शेडला कुलूप.

 घरी आल्यावर ते शेडच्या दारात उभे राहून फळ्यांकडे असे बघत राहिले, जशी काही शेवटची फेरी आहे.

तोड मोठ्या आईनं काढली. "कुलरच्या गवताच्या टट्ट्यांत उन्हाळाभर किती माती अडकते, दरसाल मीच धुते ना? तो कुलर शेडात उलटा ठेवा. तो इकडची हवा ओढीन अन् खिडकीतून बाहेर फेकीन."

कुलर उलटा बसला. पहिल्या दिवसाच्या कामानंतर टाकीतलं पाणी चहासारखं झालं होतं. मोठे बाबा त्या पाण्यापाशी खाली बसले. मग हळूच म्हणाले, "हे सारं माह्या आत जाऊन राह्यलं होतं का बे?"

त्या दिवसापासून माणूस बदलला. घट्ट बसणारा चांगला मास्क आला. मास्कच्या फटीतून श्वास निसटून चष्म्यावर वाफ धरली की ते ओरडतात, "खिडकी उघडी राह्यली!" आणि मास्क परत दाबून बसवतात. झाडू शेडातून हद्दपार, ओल्या फडक्यानंच पुसायचं. घासकाम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. फुंकर मारायला गाल फुगतात अजून, पण मास्कातल्या मास्कात.

तीन महिन्यांनी दोन गोळे वर गेले. तिसरा हलला नाही. बाई म्हणाल्या, "गेलं ते सगळं परत नाही येणार काका, पण राह्यलं ते वाचलं. शेड चालू ठेवा." मोठ्या आईनं त्या रात्री झोप काढली म्हणतात, सलग.

आता शेडात गेलं की मोठे बाबा गप्पा मारत नाहीत, मास्क असतो. हातानं बस म्हणतात, की मी दाराशी बसतो. त्यांची एक नजर सतत छताच्या टिनाला पडलेल्या भोकाकडे. तिथून ऊन आत येतं. हवा साफ असली तर ते वाटेत कुठं दिसत नाही, थेट फरशीवर बांगडीएवढं पडतं. धूळ उरली असली तर मात्र वरपासून खालपर्यंत सोन्याचा खांब उभा राहतो. तो दिसला की मोठे बाबा मशीन बंद करतात, बाहेर येतात, मास्क उतरवतात आणि खांब विरेपर्यंत माझ्याशी गप्पा मारतात. कोणत्या फाट्यावर कोण चढायचं, कोणाच्या पिशवीतून कोंबडी सुटली होती, सगळं.

हल्ली तो खांब क्वचितच दिसतो. चांगलंच आहे ते. पण खोटं कशाला बोलू, मीही बसल्या बसल्या त्या भोकाकडे बघत असतो.